उंदरांना ऐकू जातं

आमच्या घरात उंदीर दोन प्रकारचे होते. एक, ज्यांना मारायला आम्ही दुकानातून औषध आणायचो. आणि दुसरा, ज्याला जगवायला त्याच दुकानातून सूर्यफुलाच्या बिया आणायचो. हा शहाणपणा पुण्याहून आला. पुण्यात एखाद्या गोष्टीचं कौतुक संपलं की ती रेल्वेने शेगावला उतरते आणि तिथून आमच्या वरवट बकालला येते, असा माझा अनुभव आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे जे काही कुरतडतं ते सांभाळण्याची जबाबदारी माझी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नोकरीत असताना प्रयोगशाळेसाठी पांढरे उंदीर आणले होते. स्वभावाने गुणी. हातावर चढायचे, मिशा हलवत बोटं हुंगायचे. पण वास असा की मुली नाकाला ओढणी लावून वह्या लिहायच्या. आणि तीन आठवड्यांत पिल्लं, पुन्हा तीन आठवड्यांत पिल्लं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना घरी कोणी न्यायचं, तर बाईंनी. बाकीच्या शिक्षकांना तेव्हा नेमकी लग्नं असायची.

निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटले. तर मुलाने पुण्यात नातीसाठी दोन गिनीपिग घेतले. दोन्ही माद्या आहेत, असं दुकानदाराने सांगितलं होतं. दोन महिन्यांत त्यांचे पाच झाले आणि पाचही आमच्याकडे आले. गिनीपिग म्हणजे गरीब प्राणी. चढत नाही, सहसा चावत नाही, एकटा ठेवला की झुरतो. पण प्लास्टिकची पिशवी वाजायची खोटी, की पाचही जण शिट्टी मारल्यासारखे ओरडायचे. त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून त्यांना रोज ताजं काहीतरी हवं. घरात आम्ही दोघं आजारी पडलो तरी पेरू येत नाही, यांच्यासाठी रोज यायचा. मे महिन्यात त्यांना उष्मा सोसेना म्हणून कूलर त्यांच्याकडे वळवला आणि आम्ही पदराने वारा घेत बसलो. शेवटी खामगावच्या एका ओळखीच्या घरी त्यांची सोय लावली तेव्हा मी चार दिवस नुसती झोपले.

आणि मग दिवाळीत हॅमस्टर आला.

या वेळी नाही म्हणण्याची सोय नव्हती. नातीला धाप लागायला लागली होती आणि केसाळ प्राणी घरात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नऊ वर्षांची पोर. पिंजरा माझ्या मांडीवर ठेवून रडत म्हणाली, ‘‘आजी, तू सायन्सची टीचर आहेस. तू त्याला मरू देणार नाहीस ना?’’ ‘‘नाही मरू देणार,’’ मी म्हटलं. तिने हातावर हात मारून घेतला. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याला दाखवायचं, हेही कबूल करून घेतलं.

हॅमस्टर म्हणजे एक मूठभर सोनेरी गोळा, शेपूट असून नसल्यासारखं. दिवसभर झोपतो आणि दिवेलागणीला चाक फिरवायला लागतो. याचा गिनीपिगच्या उलट हट्ट, जोडीदार चालत नाही. दोघं एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. दात जन्मभर वाढतात, म्हणून काहीतरी कुरतडायला हवं; माझी लाकडी रवी त्यात गेली. पण त्याची खरी खोड म्हणजे साठवण. दोन्ही गालांत पिशव्या. त्यात दाणे कोंबायचे, तोंड गालगुंड झाल्यासारखं करायचं आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात नेऊन पुरायचं. खाण्यापेक्षा पुरण्यातच त्याचा जीव. शेजारणी बघायला यायच्या. ‘‘बाई, पैसे देऊन उंदीर आणला म्हणे तुमी? आमच्या घरचे फुकट घेऊन जा नं.’’ हे वाक्य मी त्या हिवाळ्यात इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे बाई दारात दिसली की मीच ते म्हणायचे.

रोज संध्याकाळी मी त्याला अर्धा तास मागच्या खोलीत सोडायचे. दार लावायचं, फटीला पोतं लावायचं आणि मोकळं करायचं. त्या खोलीत गव्हाची कोठी आणि तुरीची पोती असायची. म्हणजे खऱ्या उंदरांचीही तीच खोली. मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही, याचा राग मी आजही स्वतःवर काढते, आणि स्वतःवर काढून उरला की ह्यांच्यावर.

आमचे हे कमी बोलतात. बैलजोडी विकली ते मला गोठा रिकामा दिसल्यावर कळलं. बोअर घ्यायचं ठरवलं ते मशीन दारात धडधडायला लागल्यावर कळलं. सांगायला काय जीभ झिजते, हे मी लग्न झाल्यापासून विचारते आहे. पण उंदराच्या औषधाच्या बाबतीत मात्र ह्यांचं न बोलणं हा सगळ्या गावाचा रिवाज आहे. औषध टाकायचं तर त्याचं नाव काढायचं नाही. काढलं की उंदरांना ऐकू जातं आणि ते तोंड लावत नाहीत. सासूबाई तर दुकानातही नुसतं ‘‘ते द्या’’ म्हणायच्या आणि दुकानदार काही न विचारता पुडी बांधायचा. लग्न होऊन आले त्या वर्षी मी याला हसले होते. पुढे हसायचं सोडलं. विज्ञान वर्गात शिकवायचं आणि घरात गप्प बसायचं, असा माझा नोकरीतला आणि संसारातला करार होता.

माघात तूर घरात आली आणि ह्यांनी रिवाजाप्रमाणे, कोणाला न सांगता, निळ्या औषधाच्या वडीचे तुकडे करून पोत्यांमागे ठेवले. मंगळवारी. मंगळवारी संध्याकाळी आणि बुधवारी संध्याकाळी मी त्याच खोलीत नातीचा जीव मोकळा सोडला होता.

गुरुवारी सकाळी पिंजरा साफ करायला घेतला. कोपऱ्यातला कागद उचलला तर खाली हरभरे, तुरीचे दाणे, बिया आणि त्यांच्यामध्ये नीट रचून ठेवलेले निळे तुकडे. तो शेजारी गोळा होऊन झोपला होता आणि त्याचं पोट हलत होतं.

‘‘अवो, तुम्ही मागच्या खोलीत औषध टाकलं काय?’’

‘‘हाव.’’

‘‘मले सांगतलं काऊन नाही?’’

ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ‘‘हळू बोल,’’ म्हणाले. ‘‘आणखी दोन कोपरे राह्यले.’’

मी निळे तुकडे कागदात भरून तो कागद फेकून मारला. तो ह्यांच्या पायाशी पडला, तुकडे घरंगळले आणि मग ह्यांना कळलं. खाली बसून ह्यांनी एकेक तुकडा उचलला. ह्यांनी बारा मोजून ठेवले होते. पिंजऱ्यात नऊ निघाले. दोन पोत्यांमागे जागेवर होते. एक कुठेच नव्हता.

त्या औषधाने लगेच मरण येत नाही. रक्त गोठायचं थांबतं आणि चार-पाच दिवसांनी जनावर जातं. मी त्याला डब्यात घालून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. रांगेत पुढे म्हैस, मागे शेळी. डॉक्टर चांगला माणूस. म्हणाला, ‘‘मॅडम, माझ्याकडे याचं औषध आहे, पण ते बैलाच्या मापाचं. याच्या वजनावर काढावं लागेल. वजन किती?’’ त्याच्या काट्यावर हा दिसेना. म्हणून मी सोनाराकडे गेले. सोनाराने डब्यासकट तोलला, मग रिकामा डबा तोलला. ‘‘बाई, हा हलून राह्यला,’’ तो वैतागून म्हणाला. ‘‘सोनं हलत नाही.’’ एकशे बारा ग्रॅम भरला. त्या हिशेबाने डॉक्टरने औषध काढून दिलं आणि रोज किती थेंब पाजायचे ते लिहून दिलं.

घरी आले तर हे बारावा तुकडा शोधत होते. कंबर धरलेली असताना तुरीचं प्रत्येक पोतं अंगणात काढलं, कोठीखाली काठी फिरवली, भिंतीतली बिळं उकरली. शुक्रवारी पुन्हा तेच. माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही. माझ्या मनात एकच गोष्ट होती. रविवार येतो आहे आणि मी त्या पोरीला शब्द दिला आहे.

रविवारी कॉल आला. मी ठरवलं होतं की झोपलाय म्हणायचं. तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. हा माणूस फोन वाजला की परसात जायचा. स्क्रीन कानाला लावून, नातीला नुसता कान दिसत असताना, ह्यांनी सगळं सांगितलं. औषध टाकलं, आजीला सांगितलं नाही, त्याने ते उचललं, एक तुकडा सापडत नाही.

नात म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही आजीला सांगितलं का नाही?’’

‘‘बोललं की त्यायले ऐकू जाते, बेटा.’’

‘‘कोणाला?’’

‘‘उंदरायले.’’

‘‘मग सांगितलं असतं तर त्यालाही ऐकू गेलं असतं ना,’’ ती म्हणाली. ‘‘तो पण उंदीरच आहे. त्याने उचललंच नसतं.’’

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात जाऊन पोत्यावर बसले. इतकी वर्षं मला जे सांगता आलं नव्हतं ते नऊ वर्षांच्या पोरीने दोन-तीन वाक्यांत सांगितलं, याचं मला कौतुक वाटायला हवं होतं. मला रडू आलं.

मंगळवारी मागच्या खोलीत वास सुटला. कोठीमागच्या बिळात एक थोरला काळा उंदीर मरून पडला होता आणि त्याच्याजवळ निळा चुरा होता. बारावा तुकडा ज्याच्यासाठी ठेवला होता त्यानेच खाल्ला होता. मेलेल्या उंदराच्या वासाने कोणाला आनंद होतो, हे मी कोणाला सांगायला गेले नाही. ह्यांनी तो फावड्यावर घेऊन बाहेर नेला आणि येताना पेरू आणला. हॅमस्टरने त्यातली फोड गालात कोंबली आणि कोपऱ्यात नेऊन पुरली.

श्रावणात तो गेला, म्हातारपणाने. दोन-अडीच वर्षं एवढंच त्यांचं आयुष्य. मी नातीला खरं तेच सांगितलं. ती रडली, पण खरं ना, असं तिने पुन्हा विचारलं नाही. पिंजरा माळ्यावर गेला.

पुढच्या माघात तूर घरात आली. मी ओसरीत गहू निवडत होते. हे मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे राहिले, हातात पुडी, आणि एवढ्या मोठ्याने बोलले की समोरची बाई दारात आली.

‘‘अवं, मी उंदराचं औषध टाकून राह्यलो. बारा तुकडे. चारही कोपऱ्यात.’’

‘‘आता घरात कोन हाये?’’ मी म्हटलं. ‘‘कोनाले सांगून राह्यले?’’

‘‘तू हायेस न,’’ ते म्हणाले आणि आत गेले.

त्या वर्षी बाराच्या बारा तुकडे जागेवर राहिले आणि उंदरांनी अर्धं पोतं तूर खाल्ली. मी विज्ञानाची बाई, मी त्यावर काही बोलले नाही.