कोरा सोडलेला रकाना

दुपारी मेंढरं चरायची थांबली. निमगाव केतकीच्या पलीकडच्या माळावर मी आणि माझे वडील, आबा, भाकरी खात बसलो होतो. मी पलटणीतून रजेवर आलेलो. बघतो तर सगळा कळप माना वर करून ओढ्याच्या अंगाला तोंड करून उभा. ऊन वाढलं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात, तसं हे नव्हतं. एकाचंही तोंड हलत नव्हतं. माझा हात आपोआप छातीवर गेला. तिथं दुर्बीण नव्हती.

"लांडगा हाय," आबा म्हणाले.

"कुठं?"

"त्ये मला काय म्हाईत? त्यास्नी म्हाईत हाय."

ओढ्यात गवताचं पातंही हलत नव्हतं. मी म्हटलं, "आदी बगू तरी." आबांनी अर्धी भाकरी फडक्यात गुंडाळली, कळप वळवला आणि उलट्या दिशेला चालू लागले. "दिसस्तवर थांबायचं नसतं," एवढंच बोलले. लांडगा होता की नव्हता, शेवटपर्यंत कळलं नाही. असाच उभा राहिलेला कळप मी दीड महिन्यापूर्वी पाहिला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं आमची पलटण सीमेजवळच्या डोंगरात होती. मी इंटेलिजन्स सेक्शनमध्ये हवालदार. लोकांना वाटायचं, हा वेष पालटून हिंडत असेल. कसलं काय! दिवसभर चौकीत पोटावर पडून समोरची दरी बघायची आणि कागद भरायचा. कागदावर दोन रकाने: काय दिसलं, आणि त्यावरून काय वाटतं. तो कागद तळावर कमांडिंग ऑफिसर साहेबांकडे जायचा. ती दरी साहेबांना दिसायची ती आमच्या अक्षरातून, आणि गस्त कुठल्या वाटेनं सोडायची हे ते त्यावर ठरवायचे.

एकदा मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं, कळप बुजलाय, खालच्या झोपडीत परका माणूस असावा. जवान गेले, झोपडी उचकली, निघालं एक कोल्हं. दुसऱ्या दिवशी एका तरुण अधिकाऱ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "क्यों हवालदार, अब भेड़ें भी खबर देने लगीं?" सगळे हसले. साहेब हसले नाहीत, त्यांनी फक्त पुढचा कागद उचलला. पण माझे कान तापले. मेंढक्याचं पोर ते मेंढक्याचंच, असं सगळ्यांना वाटलं असणार, हे माझं मीच ठरवून टाकलं.

महिन्याभरानं तोच कळप, तीच झोपडी. मेंढरं माना वर करून खालच्या नाल्याकडं बघत होती. त्यांचा राखणदार कुठंच नव्हता. दरीत इतकी शांतता की मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. बराच वेळ मी दुर्बीण नाल्यावर धरून बसलो, आणि हळूहळू मला वाटायला लागलं, मी तिकडं बघतोय तसं तिथूनही कुणीतरी माझ्याकडं बघतंय. अगदी सावकाश, घाई नसल्यासारखं. पहिल्या रकान्यात लिहिलं: कळप, माणूस नाही. दुसरा कोरा सोडला. पुन्हा हसं कोण करून घेणार! फोनवरून तळावर तेवढंच वाचून दाखवलं. साहेबांनी गस्तीला नाल्याची वाट दिली. त्या कागदावरून दुसरं काही ठरवण्यासारखं नव्हतंच.

गस्तीत माझा जोडीदार होता, वडगाव निंबाळकरचा. चौकीखालून जाताना त्यानं विचारलं, "साफ हाय न्हवं?"

"माणूस न्हाय दिसला," मी म्हणालो.

अर्ध्या तासात नाल्यातून गोळ्यांचे आवाज आले. तो सोडून सगळे परतले.

रजेवर येताना इंदापूरला उतरलो तेव्हाच मी ठरवलं होतं, वडगावला जायचं नाही. पण माळावरून आल्यावर मला राहवेना. दुसऱ्या दिवशी बारामतीची एसटी धरली आणि तिथून वडगाव गाठलं.

जोडीदाराचे वडील गोठ्यात गाईंना उसाच्या शेंड्यांची वाढी घालत होते. मी त्यांना तात्या म्हणायचो. पूर्वी त्यांचाही मोठा कळप होता; ऊस आला, गाई आल्या, तसा तो मोडला. त्यांनी मला पाणी दिलं, खाटेवर बसवलं. दारातून आतली ट्रंक दिसत होती, पलटणीतून आलेली, अजून न उघडलेली. मी तिच्याकडं पाठ केली.

"तू वरनं बगत हुतास म्हनं," तात्या म्हणाले. "काय दिसलं हुतं?"

वाटभर मी उत्तर घोकलं होतं, माणूस दिसला नाही. तोंडातून निघालं, "मेंढरं."

तात्यांचा वाढ्यांवरचा हात थांबला. पलटणीतल्या चौकशीत मला कितीतरी प्रश्न विचारले गेले होते. त्यांनी आता जो विचारला, तो कुणीच विचारला नव्हता.

"चरत हुती?"

"न्हाय."

"मंग कुठं बगत हुती?"

चारा थांबला तशा गोठ्यातल्या सगळ्या गाईंनी माना वर केल्या होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या. मला पळून जावंसं वाटलं.

"नाल्याकडं," मी म्हणालो.

तात्या माझ्याकडं बघत राहिले. आवाज चढला नाही त्यांचा.

"मंग तुला कळलं हुतं की रं."