विल्फचं हेल्मेट

विल्फ एकरॉइड इंग्लंडमधल्या आमच्या टॉडमॉर्डन गावात कितीतरी वेळा मेले आहेत. पुलावरून पडून, रणगाड्याखाली येऊन, एकदा तर स्वतःच्याच बाँबवर बसून. दर वेळी जर्मन म्हणून. तरी ते माझ्या शेजारच्या घरात राहतात आणि कोबीला पाणी घालताना शीळ वाजवतात.

त्यांचं आयुष्य खाटकाच्या दुकानात गेलं. वरच्या मजल्यावर क्लिफ हॉर्सफॉल राहायचे. ते युद्धाच्या चित्रकथा काढायचे. खिशात मावणारी ती पुस्तकं तेव्हा इथल्या प्रत्येक पोराच्या दप्तरात सापडायची. क्लिफना समोर उभा राहायला माणूस लागायचा. विल्फ तरुण होते, जबडा लांब होता आणि दुपारच्या सुट्टीत मोकळे असायचे. बंदूक म्हणून झाडू, हेल्मेट म्हणून चाळणी. क्लिफ म्हणायचे, "मर आता." विल्फ मरायचे. मग दोघं मिळून पोर्क भरलेली पेस्ट्री खायचे.

पोरं दुकानात शिरताना हात वर करायची. "गोळी घालू नका, आईनं सॉसेज मागितलेत." विल्फना ते आवडायचं. मरणं त्यांना कधीच खुपलं नाही.

खुपलं ते वेगळंच. गेल्या वर्षी कुंपणाशी उभं राहून त्यांनी मला ते सांगितलं.

महायुद्धात जर्मनांनी वेढलेल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून त्यांचे वडील जिवंत परत आले, ते एका अनोळखी शिपायानं खांद्यावरून बोटीपर्यंत नेलं म्हणून. त्याचं नाव त्यांना कधी कळलं नाही. पुढे वडील आजारी पडले, खुर्चीला खिळले. तेव्हा विल्फ क्लिफना म्हणाले, "एकदा मला आपल्या बाजूचा कर. तो शिपाई कर. बाबांना दाखवायचंय."

"करतो," क्लिफ म्हणाले. "पण खांद्यावर काहीतरी घे."

विल्फनी खालून अर्धं डुक्कर आणलं. खांदा बधिर होईपर्यंत ते घेऊन उभे राहिले.

पुस्तक छापून आलं. न उघडताच विल्फनी ते वडिलांच्या हातात दिलं. वडिलांनी पानं उलटली, एका पानावर थांबले. चेहरा विल्फचाच होता. पण डोक्यावर जर्मन हेल्मेट. खांद्यावर जखमी इंग्रज. वर संवादाच्या फुग्यात लिहिलं होतं, 'चल इंग्रजा, आता कैदेत!'

वडील म्हणाले, "विल्फ, हा मला उलट्या दिशेला नेतोय." मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि चहा मागितला.

विल्फ जिना चढून वर गेले. क्लिफ म्हणाले, "मी असं काढलं नव्हतं."

"मग मूळ चित्र दाखव."

मूळ चित्रं परत मिळत नसत. ती प्रकाशकाच्या लंडनच्या कचेरीतच राहायची. हे विल्फनाही माहीत होतं. तरी ते म्हणाले, "थापाड्या." त्यानंतर ते वर गेले नाहीत. क्लिफ दर शनिवारी सॉसेज घ्यायला खाली यायचे. विल्फ कागदात बांधून द्यायचे, बोलायचे नाहीत. क्लिफ वारेपर्यंत हे असंच चाललं.

"अजून राग आहे?" मी विचारलं.

"राग नाही गं. कळत नाही, एवढंच."

मी गावच्या वाचनालयात आहे. साहित्याची पदवी असल्यामुळे खुर्च्या मांडणं आणि चित्रं टांगणं माझ्याकडे येतं. या वसंतात लीड्सच्या एका संग्राहक बाईंनी क्लिफची मूळ चित्रं प्रदर्शनासाठी दिली. छापलेल्या पानाहून कितीतरी मोठे पुठ्ठे. मी एकेक बाहेर काढत गेले. विल्फ, विल्फ, विल्फ. तरुण, लांब जबड्याचे, मरताना.

मग खांद्यावरचं चित्र आलं. मी ते खिडकीपाशी नेलं आणि तशीच उभी राहिले.

हेल्मेटवर पांढऱ्या रंगाचा जाड थर होता. त्यावर जर्मन हेल्मेट काढलेलं. थराला तडे गेले होते, एक कपचा उडाला होता. खाली काळ्या शाईची कड दिसत होती. पसरट, ताटलीसारखी. आपल्या शिपायांचं हेल्मेट.

मी विल्फना फोन केला. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी एनिडही आल्या.

"काय पोरी, परत मेलो का?"

"बघा तर."

त्यांनी चष्मा चढवला. बराच वेळ पाहिलं. "हे वरचं क्लिफचं नाही," ते म्हणाले. "पुडिंगचं भांडं पालथं घातल्यासारखं आहे."

फुगा वेगळ्या कागदाचा होता, वरून चिकटवलेला. डिंक सुकून एक कोपरा सुटला होता. मी तो अलगद उचलला. खाली समुद्र होता. समुद्रात बोटी होत्या.



"कचेरीत कुणाला तरी वाटलं असेल," मी म्हणाले, "हा चेहरा तर नेहमीचा जर्मन आहे, हेल्मेट चुकलंय."

"इतकं छान मरायला सांगितलं होतं कुणी?" एनिड म्हणाल्या.

विल्फ हसले. मग खुर्चीत बसले. "खरं सांगत होता तो. आणि मी त्याला दर शनिवारी कडेचे सॉसेज दिले. सुकलेले."

"त्याला कळत होतं," एनिड म्हणाल्या. "तरी दुसऱ्या दुकानात गेला नाही."

विल्फनी रुमाल काढला, नाक पुसलं. "फुगा चिकटवू नकोस हं," ते मला म्हणाले. लीड्सच्या बाईंना मी फोनवर विचारलं. त्यांनी होकार दिला.

प्रदर्शनाला गाव लोटलं. विल्फ दिवसभर त्या एकाच चित्रापाशी उभे होते. बाकीच्या भिंतींवर ते मरत होते, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. एक लहान मुलगी आली. खांद्यावरच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कोण?"

"माझे बाबा."

"अर्धं डुक्कर आहे ते," मागून एनिड म्हणाल्या.

"तेही," विल्फ म्हणाले.

"कुठे नेताय त्यांना?"

विल्फनी सुटलेल्या कोपऱ्याखालच्या बोटी दाखवल्या. "तिकडे," ते म्हणाले. "बरोबर दिशेला."