कल्याणच्या फलाटावर सुटलेली गाठ

ठाण्याहून गाडी सुटली तेव्हा मी इतका खुशीत होतो, की डोके खिडकीबाहेर काढून पगडी खाडीला देऊन बसलो! दुसऱ्या दिवशी पुण्यास भाचीचे लग्न. तिला बोहल्यावर नेणारा मामा मी एकटाच. आईने उपरण्याच्या टोकाला सुपारी-अक्षता बांधून बजावले होते, "ही गाठ थेट नातीच्या हातात. वाटेत सोडलीस तर बघ!"

कल्याणास सगळ्यांना खाली उतरवले. बालमित्रांनो, मुंबईत ग्रंथिक सन्निपात (प्लेग) पसरल्यापासून घाटावर जाणाऱ्या उतारूंची येथे तपासणी होई. पुरुष रांगेत, बायका पडद्याआड. संशय आला की रुळांपलीकडच्या खोपींत (झावळ्यांच्या झोपड्यांत) कित्येक दिवस मुक्काम.

मी जत्रेत आल्यासारखा इकडेतिकडे मान वळवीत होतो. तोच गोऱ्या डॉक्टरांचा कंपाउंडर पुढ्यात आला.

"गाठ आहे?"

याला कसे कळले! "आहे तर!" मी छाती फुगवली.

"कधीपासून?"

"सकाळपासून. आईने दिली."

"आईलाही आहे?"

"चांगल्या पाच होत्या. शेजारीपाजारी वाटल्या."

रांग दुभंगली. कंपाउंडर दोन पावले मागे सरला आणि शिपायाने खोपींकडे बोट केले. इंजिनाने शिटी दिली.

"अहो, उद्या भाचीला बोहल्यावर कोण नेईल?" मी ओरडलो.

मागे मिठागरावरचा एक आगरी म्हातारा होता. तो म्हणाला, "आरं शान्या, काखंतली गाठ इचारतान तुला!"

ग्रंथी म्हणजे गाठ, प्लेगात काखेत उठते ती! सन्निपातावर घरभर व्याख्याने झोडणाऱ्या मला हे सुचले नव्हते. आईचा हुकूम मोडून मी गाठ सोडली. पिवळ्या अक्षता पुढे आलेल्या डॉक्टरांच्या बुटांवर सांडल्या. कंपाउंडरने खुलासा करताच साहेब पोट धरून हसले. काख मात्र तपासलीच. म्हाताऱ्याने अक्षता वेचून माझ्या ओंजळीत घातल्या.

"पल मामा, पल! पोर खोलंबली!"

परतताना कल्याणास कंपाउंडरने मला खिडकीतच ओळखले. "काय मामा, गाठ?"

"पडली हो! काल, अगदी मुहूर्तावर!"

दोघेही हसलो. मग माझी नजर रुळांपलीकडे गेली. खोपींच्या कुंपणाशी माणसे उभी होती, आमच्या गाडीकडे टक लावून. त्यांचीही कुणाशी तरी गाठ पडायची राहिली होती.

ठाण्यास आईने उंबऱ्यातच विचारले, "वाटेत सोडलीस ना?"

"सोडली," मी म्हणालो. "म्हणून तर पोहोचलो."