पिठलं-भात आणि हिराचा हंबरडा

विद्याची नि माझी शेवटची भेट भांडणात गेली, हे काही केल्या मनातून जात नाही. आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत होतो. छातीत धडधडतंय म्हणत होती आणि तरी खलाशांच्या घरी शिधा पोचवायला दिघीकडे निघालेली. मी तोंड सोडलं, "अगं बाई, आधी डॉक्टर गाठ! जग काय तुझ्यावाचून अडलंय?" ती हसली. "वादळाचा इशारा आहे. नंतर जाऊन काय करू, सांत्वन?" आणि बोटीत चढलीसुद्धा. महिन्याभरात ती गेली... अजून तिचा राग येतो मला.

मच्छीमारांसाठीच्या आमच्या छोट्या संस्थेत अर्ज आला की मदत मिळायची. विद्याला ते मुळीच पटत नसे. "लाज सोडून माणूस आपल्या दारात येतो, तोवर घरातली भांडीसुद्धा विकलेली असतात," ती तावातावाने म्हणायची. म्हणून तिनं ठरवलं, आपणच आधी जायचं. आणि ज्या घरात कमावता एकच, तोही दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, तिथं सगळ्यात आधी.

पहिल्याच वादळात हिराच्या घरी जायची वेळ आली. नवरा काशिनाथ समुद्रात, होडीचा पत्ता नाही, पोरं लहान, चूल पावसानं विझलेली. विद्यानं माझ्याच स्वयंपाकघरात घाईघाईनं पिठलं-भात रांधला आणि भर पावसात आम्ही डबा घेऊन हिराच्या अंगणात उभ्या राहिलो. तिनं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि असा हंबरडा फोडला की सगळी आळी गोळा झाली. "कुनी सांगितलं तुमाला? कुठं गावला तो?" अरे देवा! माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात नेतात. आम्ही दोघी इथल्याच, आणि एवढंही सुचलं नाही. "कसलीच बातमी नाही गं, नुसतं जेवण आहे," विद्या तिचे हात धरून परत परत सांगत होती. हिरा ऐकेना. पोरांनाही घास घेऊ देईना. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत विद्या त्या ओट्यावरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी काशिनाथ हिराला घेऊन संस्थेत आला. "मी जिता हाय, आनि माज्या घरात सुतकाचं जेवन?" विद्या म्हणाली, "चुकलं माझं." मग हिराकडे वळली. "पण आणू कधी, ते तूच सांग." हिरा म्हणाली, "ह्यो घरात असताना आन. तांदूळ आन, रांधलेलं नको. ह्याच्या हातात दे." तेव्हापासून होड्या समुद्रात जायच्या आधीच शिधा घराघरांत पोहोचू लागला, आणि वादळात कुणाच्या दारात डबा न्यायची वेळच येईना.

पण त्या हंबरड्याचा धसका विद्यानं कायमचा घेतला. कुणाच्याही अंगणातून आधी ओरडायची, "सगळे सुखरूप आहेत, मी सहज आलेय!" आणि मगच पायरी चढायची. फोनवरही तेच. मी किती चिडवायची तिला!

त्या दिवशी सकाळी तिच्या नंबरवरून फोन आला. मी कानाला लावला आणि सवयीनं थांबले, ती आधी सगळे सुखरूप आहेत म्हणेल म्हणून. पलीकडे तिचा नवरा होता. त्यानं फक्त माझं नाव घेतलं...