सायलेन्सरभोवतीची रेघ

उमरकरांच्या गाडीला मागच्या बाजूनं सायलेन्सरची दोन चकचकीत तोंडं होती आणि दोन्ही खोटी होती. खरा सायलेन्सर बिचारा बंपरच्या आड, खाली मान घालून धूर सोडायचा. वरची ही दोन तोंडं म्हणजे प्लास्टिकच्या कड्या, त्यांवर चांदीसारखा मुलामा, निव्वळ मिरवायला. बारा वर्षं यवतमाळचं ऊन खाल्ल्यावर तो मुलामाही थकला. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशी त्याची सालं वर आली, आणि डिसेंबरातल्या एका सकाळी गाडी पुसताना त्यातलंच एक शीलाताईंच्या बोटात घुसलं.

शीलाताई नगरपरिषदेच्या शाळेत शिकवायच्या. साठीला टेकल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या होत्या, आणि कॉलनीतली माणसं त्या गाडी मागे घेताना अजूनही आपापल्या फाटकाआड उभी राहत. शिकावंच लागलं, कारण दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला, श्रीकृष्णरावांना, अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र मागे राहिला. अंगठा आणि दोन बोटं ऐकेनात. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, हात कामाला लावला तर परत येईल, नाही लावला तर आहे तेवढाही जाईल. दाबायला दिलेला रबराचा चेंडू मात्र टीव्हीशेजारी शोभेच्या वस्तूसारखा पडून असायचा. श्रीकृष्णराव डाव्या हातानं जेवायचे, डाव्या हातानं पेपर उलटायचे, आणि उजव्याकडे बघतसुद्धा नसत.

आता हा हात कुणाचा होता ते सांगायला हवं. श्रीकृष्णराव पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. म्हणजे इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर मेणाचं पारदर्शक कापड ताणायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उमटवायची. साहेब बदलायचे, नकाशावरच्या सह्या बदलायच्या, रेघ मात्र चौतीस वर्षं उमरकरांचीच. झरी जामणीच्या जंगलातल्या पाझर तलावांपासून वणीकडच्या बंधाऱ्यांपर्यंत जिल्ह्यातलं कितीतरी पाणी आधी या माणसाच्या हातून वाहिलं आणि मग जमिनीवर. पुढे कॉम्प्युटर आले, त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, आणि तेही तिथे मुकाट बसले. झटक्यानंतर हयातीच्या दाखल्याला बँकेत गेले तर समोरच्या पोरीनं अगदी मायेनं म्हटलं, की आजोबा, सही राहू द्या, अंगठा चालतो. तिची काही चूक नव्हती. पण त्या दिवसापासून श्रीकृष्णरावांनी तो हात स्वतःचा मानणंच सोडून दिलं. शीलाताईंना रात्रंदिवस एकच धास्ती होती, की हात परत येण्याची वेळ अशीच निघून जाणार.

त्या सकाळी बोटाला चिंधी गुंडाळून त्यांनी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत साजिदला फोन लावला. साजिदचं तिथे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. तो म्हणाला, काकू, त्या कड्या रंगवायच्या भानगडीत पडू नका, नागपूरहून नव्या मागवतो. श्रीकृष्णराव आरामखुर्चीतून ऐकत होते. त्यांनी बायकोचं बोट बघितलं, मग उठून बाहेर गेले आणि गाडीमागे बराच वेळ उभे राहिले.

"नवीन कायले पाहिजे?" ते आत येऊन म्हणाले. "हे खरडून निघते. मले अर्धं ब्लेड दे."

कापडावर शाईची रेघ चुकली, तर अनुरेखक ती अर्ध्या ब्लेडनं खरडून काढतो, खालच्या कापडाला ओरखडा न पडू देता. हे शीलाताईंना ठाऊक होतं, पण ऐकून. तेहेतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. ऑफिसचं काम ऑफिसात. घरी यायचा तो फक्त मनगटावरचा शाईचा डाग, आणि तो निघत नाही म्हणून त्यांनी कटकटही पुष्कळ केली होती.

देवघरातला पाट पोर्चमध्ये आला. श्रीकृष्णराव त्यावर बसले, उजव्या हातात ब्लेड धरलं आणि डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं. पहिल्या दिवशी वीतभरसुद्धा काम झालं नाही. ब्लेड चारदा पडलं. मदत करू का, असं विचारायला गेलेल्या शीलाताईंना त्यांनी नुसत्या मानेनं परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ब्लेड दोनदा पडलं. पाचव्या दिवशी दोन्ही कड्या नागड्या झाल्या, आणि शीलाताईंनी त्यांवरून हात फिरवला तर कुठे काही लागेना. इतका मोठा आनंद त्यांना कशाचा झाला, हे शेजारणीला समजावून सांगता आलं नसतं.

मग साजिदकडून डबीभर चंदेरी रंग आणि बारीक ब्रश आला. रंग लावण्याआधी श्रीकृष्णराव म्हणाले, जराशी पावडर आण. शीलाताईंनी आरशापुढचा टाल्कमचा डबा आणून दिला. त्यांनी ती कड्यांवर भुरभुरली, मऊ कपड्यानं पुसली आणि समाधानानं मान हलवली. मेणाच्या कापडावर शाई धरत नाही, म्हणून अनुरेखक आधी बारीक खडूची भुकटी चोळतो. चौतीस वर्षं ज्यानं भुकटीशिवाय रेघ मारली नाही, तो आता तरी कशी मारणार?

रंग लागला, वाळला, छान दिसला. चौथ्या दिवशी गाडीवर पाणी मारलं आणि दुधावरची साय निघावी तसा सगळा रंग अलगद सुटून खाली आला.

श्रीकृष्णराव परत आरामखुर्चीत जाऊन बसले. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघणं पुन्हा बंद केलं. तीन दिवस ते आरामखुर्चीतून हलले नाहीत. शीलाताई स्वतःवरच चिडत होत्या. डबा आपण आणून दिला, आणि विचारलंही नाही की हे कशासाठी. आजवर ऑफिसात त्यांनी काय केलं हे तरी आपण कधी विचारलं, असंही वाटलं, आणि ते जास्त लागलं. शेवटी न राहवून त्यांनी साजिदला बोलावलं. कड्या बदलून टाक म्हणायलाच बोलावलं होतं.

साजिद आला, उकिडवा बसला आणि त्यानं कडीवर बोटं फिरवली. मग खिशातून सुती रुमाल काढून रुमालावरून पुन्हा फिरवली. पेंटर लोक असंच बघतात, उघड्या बोटाला न कळणारी खोच कपड्याखाली कळते. तो उठेचना. दोन्ही कड्या झाल्यावर त्यानं वर बघितलं.

"हे कोन्या कारीगरानं खरडलं, काकू? वीस साल झाले मले या धंद्यात, माह्या हातानं असं होत नाही."

आरामखुर्चीतून आवाज आला, की खरडण्यानं काय होते, रंग तर टिकला नाही. साजिदनं कडीच्या कोपऱ्यातून पांढरं काहीतरी नखावर घेतलं, हुंगलं, आणि हसू दाबत विचारलं, की काका, गाडीले आंघोळ घालून पावडर लावली होती काय, पावडरीवर रंग कसा धरन. मग श्रीकृष्णराव हसायला लागले. पाऊण मिनिट हसले, डोळ्यांत पाणी येईतो हसले, आणि उठून पोर्चमध्ये आले.

साजिदनं कड्या साबणानं धुतल्या, बारीक पाणीपेपरानं, म्हणजे ओल्या काचकागदानं घासल्या, रंग धरावा म्हणून प्लास्टिकचा प्रायमर मारला. मग अडचण सांगितली. कडीभोवतीचं काळं प्लास्टिक दाणेदार आहे, रंग बाहेर जाऊ नये म्हणून त्यावर टेप चिकटवली तरी खालून तो शिरतो आणि किनार फाटते.

"टेप नको," श्रीकृष्णराव म्हणाले. "हातानं ओढतो."

साजिदनं शीलाताईंकडे बघितलं. शीलाताईंनी ब्रशला कापडाची पट्टी गुंडाळून दांडा जाड केला आणि तो नवऱ्याच्या मुठीत बसवला. ऐकत नव्हती ती बोटं अजूनही ऐकत नव्हती. ब्रशचं टोक हवेत थरथरत होतं आणि शीलाताई त्या बोटांकडेच बघत राहिल्या.

"बोटाकडे नको पाहू," ते हळूच म्हणाले. "रेघ बोटानं नाही ओढत, शीला. खांद्यानं ओढतेत."

त्यांनी करंगळी बंपरवर टेकवली, श्वास घेतला आणि धरला. ब्रश टेकला, आणि थरथर थांबली. खांदा हलला, मागून कोपर, आणि हात नुसता त्यांच्या मागोमाग गेला. काळ्या प्लास्टिकच्या काठानं चंदेरी रेघ पुढे सरकत होती, ना जाड ना बारीक, वळणावर कुठे न अडखळता. शीलाताईंनीही श्वास धरला होता. साजिदनं तर टोपी काढून हातात घेतली होती, का ते त्यालाही कळलं नसावं. त्या वितभर वळणात शीलाताईंना त्यांचा नवरा दिसला, रोज साडेदहाला सायकलवर टांग टाकून जाणारा आणि तिथे जाऊन हे असं करणारा. एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं रोज घरातून बाहेर जात होतं आणि संध्याकाळी परत येत होतं, आणि आपण त्याला डब्यात भाजी कोणती देऊ विचारत होतो. त्यांना अक्षरशः हात जोडावेसे वाटले.

रेघ जवळजवळ पूर्ण होत आली आणि शेवटी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, हात हलला. एक बारीकशी लाट उमटली. श्रीकृष्णरावांनी श्वास सोडला. साजिद झटकन पुढे झाला, त्यानं फडक्याला थिनर लावलंही, म्हणाला, काका, एका मिनिटात साफ करतो.

"राहू दे," श्रीकृष्णराव म्हणाले. ते त्या लाटेकडे खाली वाकून बघत होते, चूक सापडल्यावर बघतात तसं नाही, ओळखीचं माणूस भेटल्यावर बघतात तसं. "तो माहा हात होय."

शीलाताईंना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. श्रीकृष्णरावांनी ब्रश डबीत बुडवला, उजव्या हातानं पाट ओढला आणि ते दुसऱ्या कडीपुढे जाऊन बसले.