मेहुण्यासाठी निवडलेला रेकॉर्ड प्लेअर

सासऱ्यांची रेकॉर्ड जुनी होती म्हणून खराब झाली, असं आमच्या घरात आजही सांगतात. ते खरं नाही.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत कापडाच्या कारखान्यात लूमवर होतो, नवागामला राहायचो. सासरे खानदेशात गाणी म्हणायचे. तरुणपणी त्यांची एक रेकॉर्ड निघाली होती. ते गेल्यावर त्यांचा आवाज तेवढाच उरला. ती वाजवायला धाकट्या मेहुण्याला जुना रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा होता. पारख करायला त्याने मला नेलं. लूम बिघडणार हे मला आधीच आवाजावरून कळतं, अशी माझी ख्याती होती. खरं तर ते मला सांगाड्यावर हात ठेवून कळायचं. खटखटाटात कान केव्हाच गेले होते. कारखान्यात सगळेच ओठ बघून बोलणं ओळखायचे, म्हणून माझं लपून राहिलं.

दुकानात दोन प्लेअर होते. दुकानदाराने एकेक लावून दाखवला. तोंडात पान, तो काय बोलतोय ते कळेना. मी पहिल्याच्या पेटीवर तळहात ठेवला. थरथरत होती. दुसरी अगदी शांत.

"हा घे," मी म्हणालो.

मेहुणा वाकून ऐकत होता. "दाजी, याच्यात खरखर येते. पहिला साफ वाजत होता."

"मशीन तू चालवतोस का मी? तू साड्या वीक."

"पण खरखर?"

"ती दुकानदाराच्या रेकॉर्डची."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मेहुणा आणखी काही विचारील आणि मी भलतंच उत्तर देईन, अशी भीती वाटली. मी दुकानदाराला बांधून द्यायची खूण केली.

भेस्तानला त्याच्या घरी रेकॉर्ड लावली. गाणं कधी सुरू झालं, मला कळलं नाही. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, तेव्हा मीही मान डोलावू लागलो. पुढे त्या रोज लावायला सांगायच्या.

दिवाळीच्या सुमारास मेहुणा आला. "दाजी, बाबा आता ऐकूच येत नाहीत. नुसती खरखर."

"जुनी रेकॉर्ड," मी म्हणालो.

प्लेअर दुरुस्तीला मीच नेला. कारागिराने सुई भिंगाखाली धरून दाखवली. टोक तुटलेलं होतं. असल्या सुईने रेकॉर्ड खरवडून निघते, असं त्याने मला खुणेने समजावलं. मी घरी काही बोललो नाही.

कंपनीने स्वस्तातली रेकॉर्ड काढली, असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. रेकॉर्ड चांगली होती. मेहुण्यानेही बरोबर ऐकलं होतं.