रिकाम्या चौथऱ्यापुढचं उत्तर

ब्लाझेना कोउत्ना अकरा वर्षं आपल्याच शहरातून उलटी चालत होती. तोंड पाहुण्यांकडे, पाठ शहराकडे. हर्क्युलिसच्या कारंज्यापाशी फरशी कुठे उचकटली आहे, सीझरच्या घोड्याजवळ पायरी कितव्या पावलाला येते, हे तिच्या टाचांना पाठ होतं. ओलोमोउत्सचे पुतळे तिनं जेवढे समोरून पाहिले, त्याहून जास्त पाठीनं ओळखले होते.

वाटाड्याच्या फेरीचे बारा थांबे आणि तिनं बोलायची टाइप केलेली चौदा पानं. प्रत्येक पानाच्या खाली प्रवासी कचेरीचा गोल शिक्का आणि कचेरीप्रमुख कॉम्रेड तोमेशची सही. त्या पानांबाहेरचं एक वाक्यही बोलायचं नाही, हा नियम. नववं पान मुलींच्या शाळेमागच्या बागेचं. तिथं लिहिलं होतं, "पाहुण्यांचे लक्ष डावीकडील तटबंदीकडे वेधावे." उजवीकडे काय आहे ते लिहिलं नव्हतं.

उजवीकडे चौथरा होता. एकोणीसशे सदतीस साली त्यावर देशाच्या पहिल्या अध्यक्षांचा पुतळा चढला. चाळीस साली जर्मनांनी उतरवला. सेहेचाळीसला लोकांनी पुन्हा चढवला, त्रेपन्नला आपल्याच सरकारनं उतरवला, अडुसष्टला चढला, एकाहत्तरला उतरला. दर वेळी नाव कोरायला आणि दर वेळी तेच नाव खरवडायला ब्लाझेनाच्या वडिलांना बोलावणं यायचं. दगडात अक्षर कोरणारा धड हाताचा माणूस गावात तोच एक होता. घरी येऊन ते टेबलाशी बसायचे, भुवयांवरची पांढरी भुकटी पुसायचे आणि म्हणायचे, "दगड पातळ होत चाललाय." बाकी काही नाही. तिसऱ्या खरवडणीनंतरच्या हिवाळ्यात ते गेले. जिथं नाव होतं तिथं आता ताटलीएवढा खळगा उरला होता, हात ठेवला तर बरोबर मावेल असा.

ब्लाझेना गेली दोन वर्षं त्या बागेतून जाताना डावीकडेच बघत आली होती.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात मात्र नुसतं डावीकडे बघून भागेना. मुलीनं, राडानानं, वैद्यकीय शाळेचा अर्ज भरला होता. अर्जासोबत आईच्या कचेरीचा एक परिच्छेद लागत होता. कॉम्रेड कोउत्नाचं कुटुंब विश्वासाचं आहे, एवढंच, खाली तोमेशची सही. तो कागद नसला तर अर्जाचा लिफाफाही कोणी उघडणार नव्हतं. कागद शुक्रवारी जायचा होता.

बुधवारी सकाळी इंग्रज पाहुण्यांच्या बसमध्ये मागच्या बाकावर एक तरुण येऊन बसला. नाव हुदेचेक. कचेरीत नवा होता.

"मी आपला शिकायला आलोय, कॉम्रेड," तो म्हणाला. मांडीवर वही होती. "इंग्रजी मी घरी रेकॉर्ड लावून शिकतो. आता माणसांकडून ऐकायचंय."

"बसा ना. पण माझं इंग्रजी रेकॉर्डसारखं नाही हां. मध्येमध्ये अडकतं."

"रेकॉर्डही अडकतेच की," असं म्हणून त्यानं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

बस सुटल्यावर ब्लाझेनानं नेहमीचा विनोद सांगितला. तो दुसऱ्या पानावर होता. "मंडळी, आमच्याकडे वेटर 'नो, नो' म्हणाला तर रागावून उठू नका. आमच्या भाषेत 'नो' म्हणजे 'हो ना, तर काय'. तुम्ही उठून जाल आणि तो बिचारा तुमचं ताट घेऊन उभा राहील." पाहुणे हसले. हुदेचेक हसला नाही. लिहीत राहिला.

चौकातल्या मोठ्या घड्याळापाशी, दोन्ही कारंज्यांपाशी, ख्रिस्ती त्रयीच्या उंच स्तंभापाशी सगळं सुरळीत झालं. एका पाहुण्यानं घड्याळातल्या लोहाराच्या बाहुलीचा फोटो काढला, दुसऱ्यानं गावच्या चीजच्या वासाबद्दल तक्रार केली. मग शाळेमागची बाग आली.

ब्लाझेनानं हात डावीकडे केला. "ही तटबंदी..."

एक वयस्कर इंग्रज बाई रांगेतून बाहेर निघाली आणि सरळ उजवीकडे गेली. चौथऱ्यावर माती भरलेली पेटी ठेवून तिच्यात पॅन्सी लावल्या होत्या. बागेचा माळी, म्हातारा ओश्त्यादल, गुडघ्यावर बसून त्यांच्यातलं तण उपटत होता. बाईनं फुलांकडे पाहिलंही नाही. तिनं दगडातल्या खळग्यात पंजा ठेवला. तो तिथं नीट बसला.

"इथं कधी पुतळा होता का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

हुदेचेकची पेन्सिल थांबली.

"नो," ब्लाझेना म्हणाली.

तिनं तोंड उघडलं तेव्हा ती इंग्रजीत होती, याबद्दल तिला शंका नव्हती. पण शब्द बाहेर पडेपर्यंत ती वडिलांच्या टेबलाशी पोहोचली होती, आणि तो जरा लांबला. इंग्रज बाईनं तिच्याकडे पाहिलं. मग हात हळूच काढून घेतला, गरम भांड्यावरून काढावा तसा, आणि मुकाट्यानं रांगेत परतली. ओश्त्यादल उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली.

तटबंदीचं उरलेलं पान ब्लाझेनानं कसं वाचलं, ते तिला नंतर आठवेना.

गुरुवारी दहा वाजता तोमेशनं बोलावलं. हुदेचेक आधीच तिथं उभा होता. टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक राडानासाठीचा परिच्छेद, टाइप केलेला, सहीची जागा कोरी. दुसरी हुदेचेकची वही.

"वाच," तोमेश त्याला म्हणाला.

हुदेचेकनं वाचलं. "प्रश्न, इथं पुतळा होता का. उत्तर, नो."

"मग? नाही म्हणाल्या. आणखी काय म्हणायला हवं होतं?"

"तसं नाही, कॉम्रेड. त्यांनी ते लांबवलं. 'नोऽऽ'. रेकॉर्डवर इंग्रज माणूस असं म्हणत नाही. आखूड म्हणतो, दार लावल्यासारखं. आणि सकाळीच बसमध्ये त्यांनी सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, की आमच्याकडे नो म्हणजे हो. म्हणजे पाहुण्यांना आधी किल्ली दिली आणि मग कुलूप दाखवलं."

तोमेशनं चष्मा काढला. "कॉम्रेड कोउत्ना. कोणत्या भाषेत बोललात?"

तिची नजर सहीच्या कोऱ्या जागेवर गेली. "इंग्रजीत. प्रश्न इंग्रजी, उत्तर इंग्रजी. मी मूळची लांबवून बोलते. आपल्या हाना भागातली माणसं सगळीच बोलतात. तुमच्या आईसुद्धा बोलायच्या."

तोमेशच्या ओठाचा कोपरा हलला. "माझ्या आईला मध्ये आणू नका. ती 'नाही' म्हणेपर्यंत सूप निवायचं." त्यानं परिच्छेदाचा कागद जवळ ओढला. "मिटलं तर मग."

"मग माळ्यानं टोपी का काढली?" हुदेचेक म्हणाला. "त्याला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी बाहेर बसवलंय त्याला."

ओश्त्यादल आत आला. टोपी हातात होती, बुटांना माती. त्यानं आधी ब्लाझेनाकडे पाहिलं, मग तिघांच्याही मधल्या मोकळ्या जागेकडे. कोणी विचारायच्या आधीच बोलायला लागला, रात्रभर घोकून आल्यासारखा.

"मला कळलंय तुम्ही कशापायी बोलावलंय. त्याचं असं झालं, की मी बाईंना विचारलं, फुलांना पाणी घालू का, माणसं उभी आहेत तर अंगावर उडेल. बाई म्हणाल्या, नो. म्हणजे घाला की. मी टोपी काढली, कारण बाई नीट बोलल्या. आजकाल माळ्याशी नीट कोण बोलतं?"



ब्लाझेनाला म्हाताऱ्याचा राग येईना आणि त्याचे उपकारही मानता येईनात. त्यानं तिच्यासाठी एक वाट खणली होती आणि तिनं आधीच दुसरी. दोन्ही वाटा एकमेकींना छेदून गेल्या होत्या.

"आता कसं?" हुदेचेकचा आवाज चढला. "या म्हणतात इंग्रजी. हा म्हणतो आपली भाषा. कोण खोटं बोलतंय?"

"गप," तोमेश म्हणाला. तो ब्लाझेनाकडे बघत होता. "तुम्ही सांगा. म्हातारा खोटं बोलतोय?"

हो म्हटलं तर ओश्त्यादलची नोकरी. नाही म्हटलं तर ती स्वतः खोटी, आणि टेबलावरचा कागद कोराच. म्हाताऱ्याच्या बोटांत टोपीची कड गोल फिरत होती. खिडकीबाहेर चौकात कोणाचा तरी दुसरा गट उभा होता. त्याच्यापुढे कोणी दुसरी बाई उलटी चालत होती.

"मी दोनदा 'नो' म्हणाले," ब्लाझेना म्हणाली. "एकदा त्या बाईंना. एकदा यांना."

"माझ्याकडे एकदाच आहे," हुदेचेकनं वही उघडली. "बघा, एकच नो."

"दोन होते. एका नोच्या वेळी तुमची पेन्सिल थांबलेली होती."

"आणि तो विनोद? नो म्हणजे हो? तो कोणाच्या परवानगीनं?"

"दुसरं पान," ब्लाझेना म्हणाली. "पिशवीत आहे. शिक्का आहे, सही आहे."

तिनं पान काढून टेबलावर ठेवलं. सही तोमेशची होती. तारीख अडुसष्ट सालची, जून. पुतळा पुन्हा चढला त्या उन्हाळ्यात बऱ्याच लोकांनी बऱ्याच कागदांवर हसत हसत सह्या केल्या होत्या; आता त्या अंगाशी येत होत्या. तोमेशनं आपल्या सहीकडे बराच वेळ पाहिलं. मग पान उलटं करून ठेवलं.

"हुदेचेक, ही वही वर गेली, तर हे पानही जाईल. आणि वरचे पहिला प्रश्न विचारतील, की तो चौथरा अजून तिथं उभा का आहे. तेव्हा तू मला रेकॉर्ड लावून उत्तर देणार आहेस का?"

हुदेचेकचे कान लाल झाले. त्यानं वही मिटली.

"बाहेर थांब. तुम्ही पण, आजोबा."

दोघं गेल्यावर तोमेशनं तिसरा कागद काढला, कोरा, आणि त्यावर हातानंच लिहू लागला. लिहिता लिहिताच बोलला. "दगड आहे म्हणून लोक विचारतात. दगड नसेल तर विचारणार नाहीत. सूचना तुमच्याकडून आली, असं घालतो. चौथऱ्यामुळे पाहुण्यांचा गैरसमज होतो, तरी तो हलवावा. वाटाड्याची सूचना म्हटली की दोन दिवसांत काम होतं. आणि मग तुमच्याबद्दल कोणी काही म्हणू शकत नाही." त्यानं मान वर केली. आवाजात ना दम होता ना दया. थकलेला माणूस असतो, तसा होता. "तुमचे वडील कोरायचे ना तिथं?"

"हो."

"मला आठवतं. माझ्या आजीच्या थडग्यावरची अक्षरंही त्यांचीच." तो थांबला. "चौथरा काढून टाकायला सांगू?"

टेबलाच्या एका कडेला परिच्छेद होता, दुसऱ्या कडेला सूचना. मध्ये एक पेन.

"नो," ब्लाझेना म्हणाली.

तोमेशनं मान हलवली आणि सूचनेचा कागद तिच्याकडे सरकवला. तिनं सही केली. तिची सही सुकायच्या आत त्यानं राडानाच्या परिच्छेदावर आपली केली. कोणत्या भाषेत, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. घशात तो शब्द अजून इंग्रजीच होता, आखूड, दार लावल्यासारखा. पण कागदावर तो त्यांच्या भाषेत उतरला होता.

व्हरांड्यात हुदेचेक दिसला नाही. ओश्त्यादल बाकावर बसून बुटांची माती टोपीनं झटकत होता.

"काढणार?" त्यानं विचारलं.

तिनं मान खाली घातली.

"मी घोळ घातला का, बाई? रात्रभर जुळवत होतो."

"नाही. छान जुळवलं होतं. मीच आधी बोलून बसले."

म्हाताऱ्यानं थोडा वेळ विचार केला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गाडी बागकामाचीच लागणार. म्हणजे माझीच. त्यांना सांगा तुकडे करू नका म्हणावं, फोडताना कंपाउंड खचेल. अख्खा काढू द्या." त्यानं टोपी डोक्यावर चढवली. "माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला पायरी नाहीये. कोरलेली बाजू खाली घालून बसवतो, म्हणजे पुन्हा कोणी खरवडणार नाही. वरून कोंबड्या नाचतील, नाचू दे. न्यायचा?"

तोमेशचं दार अजून उघडं होतं. आत टाइपरायटर वाजायला लागला होता. ब्लाझेनाला त्या दारात परत जाऊन 'अख्खा काढा' एवढं सांगायचं होतं. अकरा वर्षांत कचेरीच्या कोणत्याच खोलीत ती आपणहून, समोर तोंड करून, परत गेली नव्हती.

"न्यायचा ना?" ओश्त्यादलनं पुन्हा विचारलं.

"नो," ती म्हणाली, चांगलं लांबवून, आणि दाराकडे वळली.